दगडावर कोणाचे नाव?

सहल म्हटली की आपल्या वस्तीत ठरलेलीच नावे निघतात. राणीचा बाग, घारापुरी, कान्हेरी, कार्ला, हिशेब जमलाच तर महाबळेश्वर. गेल्या हिवाळ्यात आमच्या विहाराच्या महिला मंडळाने आणि तरुण मंडळींनी मिळून वेगळाच बेत केला. मुंबईतली दोन जुनी चर्च आणि एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी एका दिवसात पाहायची! रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून दुसरा शनिवार धरला. डबे घरचे, पाणी घरचे, खर्च फक्त लोकल आणि बसच्या तिकिटाचा. लहान-मोठे मिळून आम्ही सव्वीस जण.

बेत जाहीर होताच विरोधही झाला. एक आजी म्हणाल्या, "लेकराबाळांना घेऊन मसणात कशाला जाता रे?" भुताखेताची भीती बाबासाहेबांच्या लेकरांनी केव्हाच सोडली आहे, एवढे सांगितल्यावर त्या हसल्या आणि स्वतःच पहिल्या रांगेत येऊन बसल्या. दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "गोऱ्या साहेबांच्या कबरी बघून आपल्याला काय मिळणार? आपल्या माणसांना धड सरण मिळाले नाही. त्यांचे संगमरवर आपण कशाला पाहायचे?"

प्रश्न रोकडा होता. त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी वाटेत मिळत गेले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिला मुक्काम: सेंट थॉमस

फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. रोज हजारो नोकरदार त्याच्यावरून जातात, पण आत क्वचितच कोणी डोकावते. पायाचे काम १६७६ साली गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या काळात निघाले, मग कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. पुढे रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने वर्गणी गोळा करून ते पुन्हा सुरू केले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. 'चर्चगेट' हे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो, ते याच चर्चवरून आले. कोटाला जे तीन दरवाजे होते, त्यांतला एक या चर्चच्या रस्त्यावर होता. १८६० च्या दशकात कोट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र राहिले. फ्लोरा फाउंटन त्याच दरवाजाच्या जागी उभे आहे. शहराची अंतरेही पूर्वी या चर्चपासून मोजत. 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असे कोरलेले जुने मैलाचे दगड मुंबईत अजून काही ठिकाणी सापडतात. मुलांना हे सांगितले आणि ती पुढे दिवसभर रस्त्याच्या कडेचे दगड निरखत चालली.

आत गेले की चारी भिंती नावांनी भरलेल्या. संगमरवराचे पुतळे, ढाली, रडणाऱ्या बायकांची शिल्पे. कोणी कॅप्टन, कोणी कलेक्टर, कोणाची पत्नी. आम्ही मुलांना एकच काम दिले. प्रत्येक पाटीवरचा जन्म आणि मृत्यू पाहायचा आणि वजाबाकी करायची. उत्तरे भराभर येऊ लागली. बावीस, एकोणतीस, चोवीस. ही माणसे एवढ्या लवकर का गेली, असे एका मुलीने विचारले. हिवताप, पटकी, आव यांनी गोरा माणूस इथे फार टिकत नसे. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी म्हणच त्या वेळी मुंबईबद्दल इंग्रजांत पडली होती. ज्यांनी आपल्यावर राज्य केले तेही डासापुढे आणि दूषित पाण्यापुढे आपल्यासारखेच होते, हे त्या मुलीला पुस्तकातून जेवढे कळले नसते तेवढे त्या वजाबाकीतून कळले.

तिथेच जोनाथन डंकन या गव्हर्नराचे स्मारक आहे. तो १७९५ पासून १८११ साली मरेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या स्मारकावर लढाईचे वर्णन नाही. दोन मुले कोरली आहेत, आणि बनारस व काठेवाडात बालहत्या बंद केली, असे लिहिले आहे. जन्मलेल्या मुलींना मारण्याची चाल काही उच्च म्हणवणाऱ्या जातींत होती, तिच्याविरुद्ध त्याने पावले उचलली होती. आमच्या महिला मंडळाच्या भगिनी त्या दगडापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. एक ताई म्हणाल्या, "दगडावर लिहिले बंद झाली, पण सोनोग्राफीवाल्यांनी पुन्हा चालू केली." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

अफगाण चर्चमधला एक शब्द

फोर्टातून नेव्ही नगरच्या दिशेने जाणारी बस धरली की कुलाब्यात सेंट जॉनचे चर्च लागते. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. १८४७ साली पायाचा दगड बसला, १८५८ साली चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले. मनोरा आणखी काही वर्षांनी पुरा झाला. त्याची उंची १९८ फूट, समुद्रातून येणाऱ्या जहाजांना लांबून दिसावी अशी. दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. आतल्या बाकांना खाचा आहेत. त्या शिपायांना बंदुका टेकवून ठेवण्यासाठी. १८५७ च्या उठावानंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदूक घेऊन येत. देवापुढे गुडघे टेकतानासुद्धा रयतेची भीती सुटत नव्हती, असे हे राज्य!

हे चर्च सिंध आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारले. भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत, हुद्द्यासह. आणि जो मुख्य लेख आहे त्याचा मतलब असा: ज्या अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या एवढी मोठी की तशी नोंद करता येत नाही अशा हवालदार-नाईकांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च आहे, ते कर्तव्य न विसरता, कोणी आजाराने तर कोणी तलवारीने पडले.

आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तो लेख वाचून सगळ्यांना मराठीत समजावला. तेव्हा तेच गिरणीवाले काका पुढे आले आणि म्हणाले, "पुन्हा सांग. संख्या मोठी म्हणून नावे नाहीत?"

आमचा जन्म खतावणीत गेला. बी. कॉम. करून कारकुनीला लागलो तेव्हापासून आम्ही नोंदी करतो आहोत. नोंदी फार झाल्या म्हणून खाते बंद करायचे, असे कोणत्याच कचेरीत चालत नाही. वही संपली तर दुसरी वही काढतात. जागा नव्हती म्हणावे, तर १९८ फुटांचा मनोरा बांधायला पैसा होता, दगड होता. प्रश्न जागेचा नव्हता. कोणाचे नाव लिहिण्याजोगे, हा प्रश्न होता. आणि त्या 'साध्या शिपायां'त काळे शिपाई धरले होते की नाही, तेही तो दगड बोलत नाही.

शिपायांच्याही खाली एक थर होता. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची फौज काबूलहून माघारी निघाली. तीत सुमारे साडेचार हजार सैनिक होते आणि सुमारे बारा हजार बाजारबुणगे. म्हणजे पाणके, डोलीवाले, मोतद्दार, स्वयंपाकी, धोबी, त्यांच्या बायका आणि मुले. थंडीत आणि खिंडीतल्या मारात जवळजवळ सगळी फौज संपली. डॉ. ब्रायडन हा थकल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला, त्याचे चित्र इंग्लंडात घरोघर गाजले. त्या बारा हजारांचे काय? अधिकाऱ्याला नाव मिळाले, शिपायाला निदान 'असंख्य' हा शब्द मिळाला. पाणी वाहून नेणाऱ्याला तोही नाही. पाणी वाहणारे, ओझी उचलणारे, घोड्यांची लीद काढणारे हे कोण लोक असत, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

इथे कोरेगावच्या स्तंभाची आठवण होणे साहजिक आहे. तोही कंपनी सरकारचाच. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि १८२१ साली पायाभरणी. त्या स्तंभावर मात्र पडलेल्या शिपायांची नावे आहेत. एकोणपन्नास नावे, त्यांतली बावीस 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. त्याच कंपनीला पंचवीस-तीस वर्षांनी नावे जड झाली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि तेव्हापासून आपण जातो आहोत. विचार करा, त्या दगडावर "संख्या मोठी म्हणून नावे दिली नाहीत" एवढेच असते, तर आपण कोणाला अभिवादन केले असते? नावे होती म्हणून इतिहास हाती लागला.

शिवडीची साधी माणसे

दुपारी डबे खाऊन हार्बर लाईनने शिवडीला आलो. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकातली. त्याआधी मुंबईतले गोरे लोक सोनापूरला पुरले जात. तिथे जागा पुरेना म्हणून पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याने ही जागा केली. व्ही. टी. स्टेशनची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत ज्याने आखली तो फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० साली वारला, तो इथे आहे. होमरूल चळवळीतले आणि कामगार चळवळीतले जोसेफ बाप्टिस्टा १९३० साली वारले, तेही इथेच. लोक त्यांना काका बाप्टिस्टा म्हणत. १९२० साली आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. आमच्यातल्या जुन्या कामगारांनी त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहून अभिवादन केले.

पण शिवडीत आम्हाला सर्वांत जास्त शिकवले ते मोठ्या थडग्यांनी नव्हे. मुंबईत मेलेल्या माणसालाही जागा अपुरी पडते. म्हणून काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून त्यावर नावाची लहानशी फरशी बसवतात. अशा फरश्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. रेल्वेत, गोदीत, इस्पितळात राबलेल्या साध्या कुटुंबांची माणसे. हातभर फरशी, तिच्यावर नाव, जन्म, मृत्यू. कुठे झेंडूची दोन फुले, कुठे विझलेली मेणबत्ती. दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी घरची मंडळी येतात, फरशी पुसतात, फुले ठेवतात, नातवंडांना सांगतात, ही तुझी आजी. पैसा नसला तरी नाव राखता येते, हे त्या हातभर फरशीने आम्हाला दाखवले.

कोणी म्हणेल, त्यांचे सगळे चांगलेच दिसते तुम्हाला! तसे नाही. जात कबरीपर्यंत पाठलाग करते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिश्चनांच्या कबरी वेगळ्या राखण्यासाठी भिंत घातलेली होती, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजलेली आहे. आपल्या खेड्यांत गावाचे स्मशान वेगळे आणि आपले वेगळे, यावरून मयत रस्त्यात अडवल्याच्या बातम्या अजून येतात.

उलट, समतेचा दगड कसा असतो तेही जवळच पाहायला मिळते. पुण्याला खडकीची युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी तिथे आहेत. सगळे दगड एका मापाचे, हुद्दा लहान असो की मोठा. प्रत्येक मृताचे नाव लिहायचे आणि त्यात पद, वंश, धर्म यांचा भेद करायचा नाही, हे या कबरी राखणाऱ्या आयोगाचे तत्त्व. तरी २०२१ साली त्याच आयोगाने चौकशी करून कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या माणसांची, नावाने नोंदच झाली नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक मोजली गेली. ही मोजणी आपल्याकडे कोण करणार?

आपली जुनी रीत

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नाव कोरण्याची रीत आपल्याला परकी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या सुगंधी माल विकणाऱ्याचे आहे. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या कोळ्याचे दान कोरलेले आहे. राजाबरोबर सुतार आणि कोळीही आपले नाव दगडावर ठेवून गेले, कारण धम्मात दानाला जात नव्हती. आणि खुद्द मुंबईत, कान्हेरीच्या डोंगरात एका कड्याच्या पोटात भिक्खूंच्या स्मृतिस्तूपांची ओळ आहे. विटांचे स्तूप आता पायापुरते उरले आहेत. तिथले लेख डॉ. शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांत थेरांची नावे आहेत. सेंट थॉमसच्या कितीतरी शतके आधीची! आपण कान्हेरीला सहलीला जातो, धबधब्यात भिजतो आणि परत येतो. पुढच्या वेळी तिथेही थांबू या.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही मुलांना एक प्रश्न विचारला. वडिलांचे नाव सांगा. सगळ्यांनी सांगितले. आजोबांचे? बहुतेकांनी सांगितले. पणजोबांचे? अकरा मुलांपैकी तिघांनी. आणि पणजीचे, तिच्या माहेरच्या नावासह? एकानेही नाही. मग मोठ्यांना विचारले, तेही खिडकीबाहेर पाहू लागले.

याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही, पण कारण समजून घ्यावे. गावकीत मयताची वर्दी परगावी पोहोचवणे हे काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी मारलेले होते. ऊन नाही, पाऊस नाही, दहा-दहा कोस चालत जाऊन ते दुसऱ्यांच्या मरणाची खबर सांगत. सरणाची लाकडेही तेच वाहत. साऱ्या गावाचे मरण ज्यांनी नाव घेऊन दारोदार सांगितले, त्यांचे स्वतःचे नाव मात्र कुठेच नाही. काकांच्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. गोऱ्यांचे संगमरवर डोळे दिपवून घ्यायला पाहायचे नाही. आपली कोणती पाने कोरी राहिली ते कळावे म्हणून पाहायचे.

एवढे करा

आपण अग्निसंस्कार करतो. आपल्याला संगमरवर नको, कबरही नको. सारे अनित्य आहे, हे आपण जाणतो. पण नाव पुसले जाणे हे अनित्यतेमुळे झाले नाही, ते लादले गेले. तेव्हा प्रत्येक घराने एक दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून नावे लिहावीत. बाईचे नाव सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही नावांनी लिहावे. गाव, काम, मुंबईला कधी आले, कोणत्या गिरणीत किंवा गोदीत लागले, धम्मदीक्षा कुठे व कोणत्या साली घेतली, मृत्यू केव्हा झाला, सारे लिहावे. नक्की साल नसेल तर "दुष्काळाच्या वर्षी", "थोरल्याच्या जन्माआधी" असे लिहिले तरी चालेल.

कागद शोधावेत. शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, पलटणीतल्या पेन्शनची पुस्तिका, जुने रेशनकार्ड. गावच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. तहसील कचेरीत गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात. जातीच्या दाखल्यासाठी आपण ती शोधतोच, तेव्हा एक नक्कल वहीत चिकटवावी. म्हातारी माणसे आहेत तोवर हे काम उरका. ती गेली की कोणत्याच कचेरीत अर्ज करता येणार नाही.

ज्यांना ही सहल करायची असेल त्यांच्यासाठी थोडेसे. चर्चमध्ये जाण्याआधी प्रार्थनेची वेळ विचारून घ्यावी. टोपी काढावी, आवाज हळू ठेवावा, फोटोआधी परवानगी घ्यावी. दफनभूमीत थडग्यावर बसू नये, कोणाच्या घरची मंडळी आलेली असतील तर बाजूने जावे. आपल्या विहारात परका माणूस आला तर त्याने कसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण वागावे. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि वजाबाकी जरूर करायला लावावी.

आमच्या विहारात ठरले आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येक घराने आपल्या वहीचे पहिले पान उभे राहून वाचायचे. ज्या आजी मसणात नको म्हणत होत्या, त्यांनी आपल्या आईचे नाव नातीकडून लिहून घेतले आहे. आपल्याही विहारात असे करून पाहा. पान अर्धे भरले असले तरी वही घेऊन या.

जयभीम!